बाजरीच्या माहेरी श्रीखंड: सहली काढणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
परदेशात 'वारसा सहली' काढणाऱ्या मराठी प्रवास-संस्थांचे चालक आणि सहलीसोबत जाणारे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संस्थेबरोबर मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत घानाला जाऊन आले. संस्थेचं नाव लिहीत नाही. भांडण एकाशी नाही, 'सातवा दिवस' नावाच्या प्रकाराशी आहे. आमच्या माहितीपत्रकात तो असा छापला होता: "सकाळी तामालेहून प्रस्थान. पागा येथे पवित्र मगरींसोबत फोटो. बुर्किना फासोच्या सीमेला धावती भेट. वेळेनुसार इतर स्थळे. रात्री तामाले येथे परत. भारतीय जेवण." भारतीय जेवण ठळक टायपात होतं.

ज्यांनी पागा पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगते. मी तीस वर्षं तोच विषय शिकवला, त्यामुळं नकाशा उघडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. घानाच्या अगदी उत्तर टोकाला, अक्रापासून रस्त्यानं सुमारे ८०० किलोमीटरवर, अप्पर ईस्ट प्रांतात कासेना-नानकाना वेस्ट नावाचा जिल्हा आहे. पागा हे त्याचं मुख्य गाव. नावातच दोन समाज आहेत: कासेना आणि नानकानी. कासेनांची भाषा कासेम, नानकानींची वेगळी, आणि एकाची दुसऱ्याला शिकल्याशिवाय समजत नाही. शेतं मात्र एकमेकांना लागून, बाजार एक, सोयरिकीही होतात. झोंगो म्हणतात त्या वस्तीत हौसा बोलणारे मुसलमान व्यापारी राहतात. शेजारच्या नाव्रोंगोला १९०६ साली आलेल्या कॅथलिक मिशनऱ्यांचं मातीचं मोठं चर्च आहे, आणि आतल्या भिंतींवर गावातल्या घरांवर असतात तशाच गाई, अजगर आणि मगरी उठावात काढलेल्या आहेत. हे सगळं एका जिल्ह्यात आणि त्याच्या कुंपणापाशी. आम्हाला त्यासाठी अर्धा दिवस मिळाला.

त्या अर्ध्या दिवसाचा हिशेब माझ्या वहीत आहे. साडेअकराला बस थांबली. हरमटन चालू होता, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा धुळीचा वारा. सूर्य पिठाच्या चाळणीतून पाहावा तसा दिसत होता. तळ्याकाठी रखवालदारानं हाक दिली, मगर बाहेर आली, तिला कोंबडी दाखवली गेली, आणि आम्ही बावीस जण रांगेत उभे राहिलो. एकेकानं मगरीच्या मागं उकिडवं बसायचं, शेपटी उचलायची, फोटो. मग जोडीनं फोटो. मग ज्यांचे डोळे मिटले गेले होते त्यांचे पुन्हा. एक तास दहा मिनिटं. मगरीचा संयम माझ्यापेक्षा चांगला होता.

नंतर पिक्वोरो. पंचवीस मिनिटं. टूर मॅनेजर म्हणाला, "नुसते दगड आहेत, चढउतार आहे, गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी एसीत बसा." अकरा जण बसमध्येच राहिले. त्यांना मी दोष देत नाही, दगडांसाठी कोण उतरणार? नंतर सीमेवर पंधरा मिनिटं. तिथं एकानं चौकीचा फोटो काढला, गणवेशातल्या माणसानं तो शांतपणे पुसायला लावला. सिरिगू गाव 'वेळेअभावी' गळलं. आणि मग कडुलिंबाच्या सावलीत जेवण: पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि मुंबईहून बर्फात घालून आणलेलं श्रीखंड. कडुलिंब तरी इंग्रजांच्या काळात भारतातून तिकडं गेलेला, म्हणजे सावलीसुद्धा आपलीच. झाडापलीकडं एक बाई मोठ्या पातेल्यात काहीतरी घोटत होती. मी विचारलं. बाजरीचं पीठ होतं.

इथं मला तुम्हाला थोडं चिडून लिहू द्या. बाजरी ही मुळात पश्चिम आफ्रिकेची. आज माली देश आहे त्या भागात, सहाराच्या दक्षिण कडेला, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे. तिथून ती पुढं भारतात आली आणि आपल्या संक्रांतीच्या तीळ लावलेल्या भाकरीपर्यंत पोचली. या जिल्ह्यात ती आजही मुख्य पीक आहे. सकाळी तिची आंबवलेली पेज पितात, कोको म्हणतात तिला. आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. दुपारी-रात्री टुओ झाफी, म्हणजे पिठाचा घट्ट घोटलेला गोळा, भाजीच्या बुळबुळीत कालवणात बुडवून हातानं खायचा. बावीस मराठी माणसं बाजरीच्या माहेरी गेली आणि मैद्याच्या पुऱ्या खाऊन परत आली. जानेवारी महिना होता. संक्रांत तीन दिवसांवर होती.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. आपल्या लोकांना बाहेर गेल्यावर वरण-भात लागतो, हे तुम्हीही जाणता आणि त्याचे पैसे घेता, त्यात गैर नाही. पत्र लिहायला लावलं ते पिक्वोरोनं.

त्या पंचवीस मिनिटांत आमच्याखेरीज तिथं फक्त दोन बाई होत्या, अमेरिकेतून आलेल्या, काळ्या, बहुधा बहिणी. त्यातली एक एका दगडापाशी खाली बसली होती, डोळे मिटून. आमच्यातल्या एकानं, माणूस वाईट नाही, तिच्या मागच्या खडकावर चढून सगळ्यांना ग्रुप फोटोसाठी हाका मारल्या. "इकडे या, बॅकग्राउंड मस्त आहे!" ती बाई उठली आणि बाजूला सरकली, आम्हाला जागा करून द्यायला. मीही त्या फोटोत आहे. फोटोत हसते आहे.

बसमध्ये बसल्यावर कळलं की ते दगड म्हणजे गुलामांचा तळ होता. तेही मला मार्गदर्शकाला दारात गाठून विचारावं लागलं.

माझी भाची अक्रात नोकरीला आहे. तिच्याकडं जायचं निमित्त काढून पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा गेले, दोघीच, तामालेपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं. पागाच्या जिल्ह्यात तीन रात्री राहिलो. राहिलो सिरिगूला, तिथल्या बायकांची मातीकाम आणि चित्रकलेची संस्था १९९७ पासून चालू आहे, स्वोपा म्हणतात, तिच्याच अतिथीगृहात. खोली साधी, भिंती रंगवलेल्या, सकाळी कोको. आणि या वेळी मी क्रम उलटा केला. पहिल्या सकाळी पिक्वोरो.

जागा पागापासून दोन-तीन किलोमीटरवर, नानिया नावाच्या वस्तीपाशी आहे. मोठमोठे गोल खडक, मधे झाडं. यावेळचा मार्गदर्शक तरुण होता, आणि आम्हाला घाई नाही हे कळल्यावर तो खऱ्या अर्थानं बोलू लागला. खडकांत कोरलेले खोलगट वाडगे त्यानं दाखवले, त्यात धरून आणलेल्यांना जेवण घालत. एका वाडग्यात पाच-सहा हात. झरा दाखवला. वरचा टेहळणीचा खडक दाखवला, जिथून पळणारा दिसत असे. एका खडकावर त्यानं दगडानं ठोके दिले आणि तो ढोलासारखा वाजला. तिथं कैद्यांना गायला-वाजवायला लावत, मन रमावं म्हणून, असं तो म्हणाला. शिक्षेचा दगड दाखवला, त्यावर कैद्याला उन्हाकडं तोंड करून बसवत. पलीकडं पुरण्याची जागा. त्याच्या सांगण्याप्रमाणं हा तळ १७०४ च्या सुमाराला सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. इथून माणसं चालवत दक्षिणेला सालागाच्या बाजारात न्यायची, तिथं पुन्हा विक्री, आणि त्यातली बरीच पुढं किनाऱ्यावर, केप कोस्ट आणि एल्मिनाच्या किल्ल्यांकडं.

ते किल्ले तुमच्या सहलीत आहेत, आणि तिथं तुम्ही चांगला अडीच तासांचा वेळ देता. तळघर, 'परत न येण्याचं दार', सगळं नीट दाखवता. पण त्या दारापर्यंत माणूस आला कुठून? किल्ला हा रस्त्याचा शेवट. रस्त्याची सुरुवात अशा खडकांमध्ये आहे, आणि ती तुमच्या पत्रकात 'वेळेनुसार इतर स्थळे' या तीन शब्दांत बसवलेली आहे.

आणखी एक गोष्ट इथं नीट कळते, जी किनाऱ्यावर कळत नाही. इंग्रजांनी १८०७ साली आपल्यापुरता गुलामांचा व्यापार बंद केला. या भागातल्या धाडी त्यानंतरही थांबल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाबातू नावाचा घोडेस्वारांचा म्होरक्या, आजच्या नायजरकडून आलेल्या झाबारिमांचा सरदार, कासेना आणि त्यांच्या भाऊबंदांच्या गावांवर तुटून पडत होता. पकडलेली सगळीच माणसं जहाजावर चढली नाहीत. अनेक जण आफ्रिकेतच विकले गेले. म्हणजे इथल्या लोकांना ही गोष्ट 'गोरे आले आणि घेऊन गेले' एवढी सोपी करून सांगता येत नाही, आणि तो तरुण मार्गदर्शक ती तशी सांगतही नव्हता. "विकणाऱ्यांत आमच्यासारखे दिसणारेही होते," असं तो म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढं केली.

त्याच दुपारी आम्ही पागातलं एक जुनं कासेना घर पाहिलं. मातीच्या जाड भिंती, सपाट धाबं, वर धान्य वाळवायची जागा, चढायला लाकडाला खाचा पाडून केलेली शिडी. म्हाताऱ्यांची खोली आठच्या आकड्यासारखी, दोन गोल एकमेकांना चिकटलेले. दार गुडघ्याएवढं. आत जायचं तर रांगत जावं लागतं, आणि आत शिरताच समोर एक बुटकी भिंत, ती ओलांडून मगच उभं राहता येतं. मी रांगत गेले. उभी राहायला भाचीचा हात लागला. घरातल्या आजी मजेत बघत होत्या. त्यांनी हातवारे करून दाखवलं: बाहेरून येणाऱ्याचं आधी डोकं आत येतं, आणि आतला माणूस भिंतीमागं हातात काहीतरी घेऊन उभा असतो.

सकाळी पिक्वोरो पाहिलेलं नसतं तर मी त्या दाराला 'किती गोंडस' म्हटलं असतं. माझ्या आदल्या सहलीतल्या दोघींनी बसमधून अशीच घरं पाहून तेच म्हटलं होतं.

आणि मग, दुसऱ्या दिवशी, मगरी. तळं तेच, रखवालदारही तोच. पण आता मला गोष्ट ऐकायची होती. पागाचा मूळ पुरुष नावे. कथेची दोन-तीन रूपं आहेत. एकीत तहानेनं मरायला टेकलेल्या नावेला मगर पाण्यापाशी घेऊन जाते. दुसरीत पाठीवर शत्रू लागलेले असतात, समोर नदी असते, आणि मगर त्याला पार नेते. नावे शपथ घालतो: माझ्या वंशातलं कुणी मगरीला मारणार नाही, खाणार नाही. आजही मारत नाहीत. गावातल्या माणसांचे जीव त्या मगरींत असतात असं मानतात, बडं माणूस गेलं की मगरही मरते म्हणतात. पहिल्यांदा हे मी गाईडच्या तोंडून 'इंटरेस्टिंग लेजंड' म्हणून ऐकलं होतं. यावेळी 'पाठीवर शत्रू' हे शब्द ऐकले आणि मला कालचे वाडगे आठवले. शेपटी उचलून फोटो काढायचा मला धीर झाला नाही. भाचीनं काढला. तिनं काढला त्यात मला काही वावगं वाटलं नाही. गावाला त्यातून उत्पन्न आहे, आणि मगरीला कोंबडी.

चालकहो, तुमच्याकडं माझं मुख्य मागणं एवढंच आहे: क्रम बदला. आधी पिक्वोरो, मग घर, मग तळं. यात एक पैसाही जास्त लागत नाही.

रात्र राहण्याचं मागणं मात्र खर्चाचं आहे, तरी करते. कारण सिरिगू अर्ध्या दिवसात होत नाही. तिथं घर पुरुष बांधतात आणि भिंती बायका रंगवतात. पावसाळा संपला, सुगी झाली की हात रिकामे होतात तेव्हा. माती आणि शेण कालवून आधी सारवण. त्यावर तीनच रंग: लाल जांभ्याचा, काळा एका दगडाचा, पांढरा खडूच्या मातीचा. मग गुळगुळीत गोट्यानं घासघासून चकाकी आणायची, आणि शेवटी दावादावाच्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं पाणी मारायचं, म्हणजे पावसात रंग टिकतो. आमच्या समोर एकीनं चौकडीचा पट्टा ओढला, मला पोतेरं दिलं आणि एक हात सारवायला लावलं. माझ्या आजीच्या हातानं माझा हात चालला. ती बाई काहीतरी म्हणाली, बाकीच्या हसल्या. अर्थ कुणी सांगितला नाही, पण सारवण चांगलं झालं होतं एवढं मला कळतं. फुटका भोपळा, गाईंची रांग, अजगर: प्रत्येक नक्षीला नाव आहे, आणि ती नावं सांगायला बायकांना वेळ लागतो. बसचा हॉर्न वाजत असताना ते होत नाही.

सीमेबद्दल. तुमच्या पत्रकात 'एक पाय घानात, एक पाय बुर्किनात' असा फोटो आहे. ती रेषा १८९८ च्या इंग्रज-फ्रेंच करारानंतर अकराव्या अक्षवृत्ताच्या आसपास ओढली गेली. अक्षवृत्ताला कासेम येत नसल्यामुळं कासेना समाज मधोमध कापला गेला. अलीकडच्यांना इंग्रजी शाळा, पलीकडच्यांना फ्रेंच. घरात अजून कासेमच. १९६१ साली घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा आणि तेव्हाच्या अप्पर व्होल्टाचे, म्हणजे आजच्या बुर्किनाचे, राष्ट्राध्यक्ष मोरिस यामेओगो पागाला भेटले आणि त्यांनी मुद्दाम बांधलेली एक भिंत पाडून सीमा खुली झाल्याचं जाहीर केलं. ती मैत्री फार टिकली नाही, चौकी आहेच. पण लग्नं आणि अंत्यविधी चौकी ओलांडून चालूच आहेत. पलीकडं टिएबेले इथं कासेनांचा राजवाडा आहे, चित्रांनी भरलेला. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनं त्याला यादीत घेतलं, आणि समितीची ती बैठक नवी दिल्लीत होती. त्याच बैठकीत आसामचे मोईदाम, म्हणजे अहोम राजघराण्याची दफनाची टेकाडं, यादीत आले म्हणून आपल्याकडं पेढे वाटले गेले. शेजारच्या ओळीत टिएबेले होतं. आज बुर्किनात जी हिंसा चालू आहे ती पाहता तिथं सहल नेऊ नका, हे मी आधी सांगते. पण निदान सीमेवर उभं राहून पलीकडं काय आहे ते तरी सांगा. सध्या तुमचे लोक तिथं फक्त "लवकर, लवकर" सांगतात.

आता एक अवघड गोष्ट. पिक्वोरोला येणारा खरा वारसा-प्रवासी ती अमेरिकेतली बाई आहे. २०१९ साली घानानं 'परतीचं वर्ष' साजरं केलं, पहिले आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियात उतरले त्याला चारशे वर्षं झाली म्हणून. तेव्हापासून तिच्यासारखे बरेच येतात. आपण तिथं दुसऱ्याच्या घरच्या दहाव्याला गेलेलो असतो. मी बराच काळ एवढंच समजत होते. मग सिरिगूच्या बाजारात एका म्हाताऱ्याजवळ कवड्या पाहिल्या.

तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात असतात त्याच. अगदी त्याच जातीच्या, मालदीव बेटांच्या. मालदीवहून त्या बंगालला आणि सिलोनला येत, तिथून डच आणि इंग्रज जहाजांत वजन म्हणून भरून युरोपला, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नाणं म्हणून. त्यांच्या मोबदल्यात माणसं घेतली गेली. कवड्यांच्या जोडीला सुरतेचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं सुती कापडही होतंच. घानाच्या आजच्या चलनाचं नाव सेडी, ते अकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आलेलं आहे. आम्ही नऊ दिवस सेडी मोजत होतो आणि आमच्यातल्या एकालाही कुणी हे सांगितलं नाही. आपल्याकडं 'कवडीमोल' म्हणजे ज्याला काही किंमत नाही ते. तिथं कवड्या मोजून माणसाची किंमत होत असे. माल आपल्या समुद्रातून गेलेला होता. तेव्हा अगदीच तिऱ्हाईत म्हणून त्या खडकांत उभं राहता येत नाही, असं मला आता वाटतं. तुमच्या टूर मॅनेजरांना ही एक गोष्ट दोन मिनिटांत सांगता येईल, आणि ती सांगितल्यावर ग्रुप फोटोसाठी हाका मारणं आपोआप कमी होईल, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

बाकी किरकोळ. पीतज्वराच्या लसीचं कार्ड सगळे नेतातच, त्याशिवाय घानात शिरू देत नाहीत. पण उत्तरेकडं कोरड्या दिवसांत मेंदूज्वराची साथ येते, तेव्हा त्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायला आधीच सांगत जा. पागाच्या पिओच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात जायचं असेल तर कोलानट घेऊन जायचं असतं, रिकाम्या हातानं नाही. आम्ही बावीस जण रिकाम्या हातानं अंगणात शिरलो होतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना पिक्वोरोच्या झऱ्यापर्यंत सावकाश नेता येतं, वाडगे तिथून जवळच आहेत. आणि तुमच्या स्वयंपाकी महाराजांना एक दिवस सुट्टी द्या. जिल्ह्यात त्या एका दिवशी बाजरी खाऊ घाला. कुणी उपाशी राहिलं तर पुऱ्यांचा डबा बसमध्ये आहेच.

उत्तराची वाट पाहते. मार्चमध्ये तुमच्या नव्या सहलींची पत्रकं निघतात, त्यात सातवा दिवस मी पहिल्यांदा वाचेन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नाशिक

ता. क. : कोंबडीचे पैसे प्रवेश-शुल्कात धरलेले नसतात. आमच्या वेळी त्यावरून तळ्याकाठी दहा मिनिटं घासाघीस झाली, बावीस जणांत एका कोंबडीसाठी. ते तेवढं आधीच पत्रकात लिहा. मगर बघत होती.